घुबडाचा दगड आणि नारखेडे गुरुजी

नारखेडे गुरुजी परगावी जायचे ते अमावास्या पाहून. सुलतानपूरच्या फाट्यावर एरवी आम्ही एस.टी.च्या दाराला लोंबकळून मेहकर गाठत असू. गुरुजी अमावास्येला खिडकीशी ऐसपैस बसत, शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवत आणि पाय पसरून जात. "अख्खा तालुका अमावास्येले भेते, म्हनून मले जागा भेटते," ते म्हणत. "भेनाऱ्याचे उपकार मानावं मास्तर, त्याईच्या हिंमतीवर आपला प्रवास सुखाचा होते." हजामत शनिवारी, कारण न्हावी मोकळा असतो. नवा सदरा पितृपक्षात शिवायचा, कारण शिंपी मोकळा असतो. आमच्या गावात शुभकार्यांना गर्दी असे आणि अशुभ वेळांना एकटे गुरुजी असत.

ते मूळचे मलकापूरचे. वडील तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. लहानपण रेल्वेच्या रुळांजवळ गेल्यामुळे त्यांचा आवाज धावत्या मालगाडीवर मात करील असा होता. वर्गात ते दुसरीला विज्ञान सांगत तेव्हा चौथीची मुलंही तेच शिकत. अंगाने चांगले भरलेले, रंगाने काळे, आणि पोट असं की आधी ते वर्गात शिरायचं आणि मागून गुरुजी यायचे. छापील मराठी ते फक्त शाळा-तपासणीच्या दिवशी बोलत. त्या दिवशी मुलांना ते कुणी वेगळेच गृहस्थ वाटत.

मी त्या शाळेत भाषेचा शिक्षक म्हणून रुजू झालो तो दोन दिवस उशिरा. आईने पंचांग बघून दिवस काढून दिला होता. गुरुजींनी विचारलं, "उशीर काऊन?" मी म्हणालो, "मुहूर्त नव्हता." गुरुजींनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. मग म्हणाले, "दोन दिवस पोरं वर्गात गोंधळ घालून राह्यले होते. त्याईले कविता कोनं शिकवाची, राहूनं का केतूनं?" त्या दिवसापासून पुढची नऊ वर्षं आम्ही दोघं मधल्या सुट्टीत एका बाकावर बसून चहा प्यालो. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा 'मास्तर' होतो.

कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एक ठरलेला जबाब असे: "पुरावा आन, मंग पाया पडतो." भुताचा पुरावा, नजरेचा पुरावा, शकुनाचा पुरावा. लोक चिडत नसत, कारण गुरुजी कुणाच्या देवाला शिवी देत नसत आणि अडल्यानडल्याचे अर्ज लिहून देत. शिवाय गावाला करमणूक हवी असते. महाराष्ट्र राज्य नवं होतं, गावात रेडिओ एकच होता आणि तोही ग्रामपंचायतीचा, म्हणजे बहुधा बंद. तेव्हा गावाची करमणूक गुरुजी करत.

आता घुबडाकडे येतो. गावाबाहेर एक जुनी बारव होती. खाली पाणी आटलेलं, दगडी पायऱ्या, आणि भिंतींत कोनाडे. त्या कोनाड्यांत पांढऱ्या तोंडाची घुबडं पिढ्यान्‌पिढ्या राहत. घुबड म्हणजे अभद्र पाखरू, हे तर ठरलेलंच. ते ज्या घरावर बसून ओरडेल त्या घरातला माणूस जाणार. पण त्याच्या जोडीला दुसरीही एक समजूत होती, आणि ती सगळ्यांना पक्की ठाऊक होती: घुबडाला दगड मारायचा नाही. मारला तर ते तो दगड उचलून नेतं आणि घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, आणि दगडाची माती झाली की माणसाचीही होते. त्यामुळे घुबड घरावर बसलं तर लोक घरात बसून रामनाम घेत, फार तर थाळी वाजवत. दगड कोणी उचलत नसे.

गुरुजींना ही समजूत कळली आणि त्यांचा चेहरा खुलला. भुताचा पुरावा आणता येत नाही, पण ही गोष्ट मोजता येत होती. गावचे मोठे कास्तकार पुंजाजी पाटील यांच्या अंगणात कापूस मोजायचा मोठा काटा होता. गुरुजींनी जाहीर केलं की बाजारच्या दिवशी मी सगळ्यांदेखत घुबडाला दगड मारीन. आधी माझं वजन करा, महिन्याने पुन्हा करा. किलो नुकतेच आले होते आणि गावाचा घुबडापेक्षा किलोवर कमी विश्वास होता. म्हणून पुंजाजींनी खात्रीसाठी जुन्या मणा-शेरातही वजन करून घेतलं. मग सगळं गाव बारवेवर. गुरुजींनी नेम धरून दगड मारला. तो कोनाड्याच्या कडेला लागून खाली गडगडला. घुबडाने एक डोळा उघडला, गावाकडे बघितलं आणि शाळा-तपासणीला आलेल्या साहेबासारखा पुन्हा मिटला.

महिनाभर लोक गुरुजींना निरखत होते. महिन्याने काटा झाला. गुरुजी दीड किलोने वाढले होते.

"दगडाले लोनी लावलेलं दिसते त्यानं," गुरुजी काट्यावरून उतरत म्हणाले. अंगण हसून फुटलं. पुंजाजींनी नारळ मागवला, मग आपण कुणाच्या विजयाचा नारळ फोडतोय ते आठवून परत पाठवला. त्या दिवशी मी गुरुजींचा इतका भक्त झालो की घरी येऊन आईने दंडाला बांधलेला काळा गंडा कापून टाकला. विज्ञान जिंकलं होतं आणि आम्ही दोघांनी त्या आनंदात दोन कप चहा जास्त घेतला.

विज्ञान जिंकलं ते असं की गावाची भीती निम्मी गेली. दगडाची गेली, घुबडाची राहिली. घुबड घरावर बसलं की माणूस मरतो, हे लोकांना आधीसारखंच खरं वाटत होतं. फरक एवढाच की आता त्याचा बंदोबस्त करता येत होता. कुणाची म्हातारी आजारी पडली की घरचे गोफण घेऊन बारवेवर जात. कुणाची म्हैस आटली तरी जात. पोरं तर काही कारण नसतानाही जात. आधी आम्ही एकदोन मेलेली घुबडं पाहिली तेव्हा गुरुजी म्हणाले, "चालाचंच. भीती निघाली न, बाकी निवते हळूहळू." पण ते निवलं नाही. दीड वर्षात बारवेचे कोनाडे मोकळे झाले. शाळेमागच्या चिंचेच्या ढोलीत एक जोडी तेवढी उरली, आणि ती शाळेच्या धाकाने उरली असावी.

पुढच्या हंगामात उंदीर झाले. झाले म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. उभ्या ज्वारीची ताटं चढून कणसं कापून नेत. भुईमूग उपटायला गेलं तर मातीत नुसती टरफलं निघत. घरातल्या कणग्यांना खालून भोकं पडली. जमिनीतली पेवं उघडली तर आत धान्याबरोबर वेगळंच गोकुळ नांदत होतं. शाळेत महाराष्ट्राचा कोरा करकरीत नकाशा आला होता, तो आम्ही कपाटात गुंडाळून ठेवला. बाहेर काढला तर उंदरांनी पूर्वेची बाजू नेमकी कुरतडून विदर्भ वेगळा केला होता. गुरुजी म्हणाले, "पुढाऱ्याईले जमलं नाही थे याईनं करून दाखवलं." ते त्या उंदरांच्या काळातलं त्यांचं शेवटचं हसणं.

लोकांनी साखरखेर्ड्याच्या बाजारातून उंदीर मारायची काळी पूड आणली. भाकरीच्या तुकड्यांना लावून ती घरोघर, बांधोबांध ठेवली. उंदीर मेले. त्यांच्यामागे मांजरं मेली, दोन चांगली कुत्री मेली, बांधावरची मुंगसं दिसेनाशी झाली, आणि महिन्याभरात उंदीर पुन्हा आले. उंदरीण वर्षाला किती वेळा विते हे गुरुजींनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मांजरीचं आणि मुंगसाचं गणित त्या वेगाने चालत नव्हतं.

एके दिवशी दुपारी गुरुजी मुलांना घेऊन रिकाम्या बारवेत उतरले. कोनाड्यांत वाळलेल्या, राखाडी, बोराएवढ्या-लिंबाएवढ्या गोळ्या पडलेल्या होत्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि पचलं नाही ते केस-हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं, पाहिलं नव्हतं. डबाभर गोळ्या त्यांनी वर्गात आणल्या. मुलांनी त्या सुईने उकलल्या. एकीत तीन कवट्या, एकीत चार, एकीत दोन उंदीर आणि एक चिचुंद्री. फळ्यावर गुरुजी आकडे मांडत गेले. एका घुबडाचे एका रात्रीचे, मग महिन्याचे, मग बारवेतल्या सगळ्या घुबडांचे वर्षाचे. बेरीज मांडली आणि खडू हातात धरून ते तसेच फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलांना वाटलं हिशेब चुकला. मधल्या सुट्टीत चहा गार करून ते मला म्हणाले, "मास्तर, मी गावाची राखन काढून घेतली. अन् वरून वजन करून घेतलं."

त्यांनी ते लपवलं नाही. चावडीपुढे सभा बोलावली, कवट्या कागदावर मांडल्या, आणि आधी स्वतःच्या चुकीची कबुली दिली. मग बोलले ते मला अजून पाठ आहे. "गाव कायच्यानं चालते? बलुतेदाराईनं. सुतार वेगळा, लोहार वेगळा, न्हावी वेगळा. उद्या तुमी सुताराले हाकलून देसान तं नांगर काय न्हाव्याजवळून करून घेसान? तसे रानाचेबी बलुतेदार हायेत. घुबड रातचं काम करते, मुंगूस दिवसाचं. धामन बिळात जाते तिथं मांजर पोचत नाही. एकाले मारलं तं त्याचं काम दुसऱ्याले येत नाही, थे काम पडूनच राह्यते. अन् पडलेलं काम उंदराच्या रूपानं तुमच्या कनगीत येते. आपल्याले कोनं काय काम करते थेच माईत नाही, तं कोनाले कामावरून काढाचं हे आपुन कसं ठरवनार?"

लोकांनी ऐकून घेतलं. माना हलवल्या. मग पुंजाजी उठले. सत्तरीचे, शांत, बोलण्याआधी मिशीवरून हात फिरवणारे. म्हणाले, "गुरुजी, तुमी सांगता थे बरोबर हाये. पन थे घरावर बसलं का जीव घाबरते, त्याले काय करावं? बुद्धी म्हनते बलुतेदार हाये, काळीज म्हनते यमदूत हाये. अन् मारलं तं काही होत नाही, हे तं तुमीच काट्यावर बसून दाखवलं." गुरुजींनी कवट्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. सभेत ज्यांनी माना हलवल्या त्यांच्यातल्याच एकाने आठवड्याने चिंचेखाली गोफण फिरवलेली मी पाहिली. नेम चुकला, एवढंच.

त्या संध्याकाळी गुरुजी माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, खोटं कसं बोलाचं थे शिकवा. तुमी भाषेचे मास्तर, तुमाले सवय हाये."

बेत ऐकून मी आधी हसलो आणि मग घाबरलो. बुद्धीने घुबड वाचत नव्हतं. भीतीने इतकी वर्षं वाचलं होतं, आणि ती भीती ज्याने काढली त्यानेच परत घालायला हवी होती. म्हणजे दगडाचा परिणाम झाला पाहिजे. उशिरा का होईना, नारखेडे गुरुजी झिजले पाहिजेत. मी म्हणालो, "गुरुजी, आयुष्यभर पुरावा मागत आलात, आणि आता खोटा पुरावा देणार?" ते म्हणाले, "हाव. लाज वाटून राह्यली. पन चिचेवर दोनच उरले, अन् माही लाज थे दोन मेल्यावर कोन्या कामाची?" असं म्हणताना त्यांचा आवाज प्रथमच मालगाडीखाली सापडल्यासारखा वाटला.

खरोखर उपाशी राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. दोन दिवस करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम जेवले. मग शास्त्रीय मार्ग निघाला. माणूस बारीक करता येत नसेल तर सदरा मोठा करावा. सखाराम शिंपी हा एकच माणूस गावात असा होता की ज्याच्या हाती गुरुजींचं अचूक माप होतं. त्याला विश्वासात घेतलं. दर महिन्याला गुरुजींचे दोन्ही सदरे उसवायचे आणि अर्धं बोट सैल करायचे. छातीत, खांद्यात, गळ्यात. टोपीही हळूहळू मोठी करायची. सखारामने जानव्याची शपथ घेतली की हे कोणाला कळणार नाही. त्याच्या गळ्यात जानवं नव्हतं, हे आम्ही पाहायला हवं होतं.

विरोध झाला तो घरातून. शांतावहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, बोलायला गोड आणि मनाने ठाम. त्यांच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांचं गावात नाव होतं. त्या कडाडल्या, "घुबड राह्यलं बाजूले, माह्या सैपाकाची बदनामी होऊन राह्यली! बाया इचारतात, गुरुजी वाळून राह्यले, तुमी जेवाले देत नाही का? मी काय सांगू, शिंपी देत नाही म्हनून सांगू?" शेवटी तह झाला. घरात गुरुजींनी दोन भाकरी जास्त खायच्या आणि बाहेर वहिनींनी "याईले काही अंगीच लागत नाही हो" असं म्हणायचं. हे वाक्य त्या इतक्या रागाने म्हणत की ते अगदी खरं वाटे.

गुरुजी नट म्हणून सामान्य होते. बाजारातून जाताना टोपी कानांवर घेऊन, गाल आत ओढून चालत. कोणी "गुरुजी, तब्येत कशी?" विचारलं की एक उसासा टाकत आणि बारवेकडे बघत. उसासा इतका मोठा असे की बाजूची कोंबडी उडे. पण परिणाम झाला. पहिल्या चार महिन्यांत गोफणी खुंटीला लागल्या. मुलांनी चिंचेखालून जाताना दगड लाथाडणंसुद्धा सोडलं. पावसाळ्यानंतर चिंचेच्या ढोलीतून पिलांचा घोरल्यासारखा आवाज यायला लागला. पुढच्या वर्षी बारवेच्या एका कोनाड्यात पुन्हा पांढरं तोंड दिसलं. मग दुसऱ्या. उंदीर एकदम गेले नाहीत, पण कणग्यांची भोकं लिंपली की लिंपलेली राहू लागली. धामणीलाही आता कोणी मारत नव्हतं. एक कारण गुरुजींचं भाषण, आणि दुसरं असं की गावाने मनात म्हटलं असावं, कुणास ठाऊक, धामणीकडेही एखादा दगड असेल.

गुरुजी खूश होते, पण आतून कुरतडले जात होते. मुलांना प्रयोगाचा धडा शिकवताना थांबत. एकदा मला म्हणाले, "मास्तर, मी चोराले चौकीदार केलं. भेवावर वाचवलेलं पाखरू किती दिवस वाचनार? उद्या दुसरा कोनी नारखेडे येईन, दगड मारून दाखवीन, अन् गाव पुन्हा हासंन." मी म्हणालो, "तुमच्यासारखा दुसरा मूर्ख मिळायला वेळ लागेल." ते खो-खो हसले. आमचं असं चाललं होतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. गुरुजींचा सदरा आता अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. टोपी भुवयांवर यायची. मी म्हणायचो, "सखाराम फार रंगला आहे हो भूमिकेत." ते म्हणायचे, "हाव न, आवर म्हनलं तरी आयकत नाही थो." ते वर्गात तांब्या घेऊन बसू लागले होते. तासाला दोनदा पाणी प्यायचे, दोनदा बाहेर जायचे. मी त्यावरही विनोद केला. गुरुजी शाळेचा हौद एकटे रिकामा करतात, म्हणालो. चहाच्या बाकावर ते कधीकधी बोलता बोलता पेंगत. पायाला ठेच लागून झालेली जखम दोन महिने तशीच होती. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होत होतं आणि मी ते रोज बघत होतो.

एका सकाळी ते फळ्याजवळच खाली बसले. बैलगाडीतून फाट्यावर, तिथून एस.टी.ने बुलढाण्याला नेलं. त्या दिवशी अमावास्या नव्हती, गाडीला गर्दी होती, आणि गुरुजींना अर्ध्या वाटेपर्यंत मी मांडीवर धरून बसलो. इतकं मोठं अंग, पण मांडीला भार वाटेना. तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार आहे, बराच जुना, पाय चिघळला आहे, वर्षभर आधी आणायला हवं होतं. इतकं वजन उतरलं, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? वहिनींनी माझ्याकडे बघितलं. घरात ते दोन भाकरी जास्त खात होते. कसं लक्षात येणार?

ते चार महिने जगले. पाय घोट्यातून काढला, तरी वर चढत गेलं. एके दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "मास्तर, मी गेलो का लोक म्हनतीन घुबडानं नेलं. त्या गरिबावर खुनाचा आळ येईन. थे वकील कुठून आननार? तुमी सांगा. सगळ्याईसमोर उभे राहून सांगा का मी खोटा बोललो, सखारामनं सदरे सैल केले, अन् मी साखरेनं मेलो. मंग त्याईले घुबडं मारावं वाटलं तं मारू द्या. पन खरं कळून मारू द्या." मी म्हणालो, "मारले तर?" "मंग मी हारलो असं समजा," ते म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. सगळं गाव आलं होतं. मी डॉक्टरांचा कागद घेऊन उभा राहिलो. भाषेचा मास्तर असून मला वाक्य सापडेना. शेवटी सगळं सांगितलं. दगड, काटा, कवट्या, सदरे, टोपी. गुरुजी आयुष्यात एकदाच खोटं बोलले आणि ते तुमच्याशी बोलले, असं म्हणालो. त्यांच्या वतीने हात जोडले. आता हे लोक काय करतील याची भीती होती. पुढे कोण बसलंय तेही मला नीट दिसत नव्हतं.

पुंजाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "बसा मास्तर. थे आमाले माईत हाये."

"कधीपासून?"

"पयल्या सदऱ्यापासून. सखारामच्या दुकानापुढं बाक हाये न. त्याच्या पोटात काय राह्यते?"

मी हातातला कागद खाली केला. विचारलं, "मग दगड मारणं का थांबवलंत?"

पुंजाजींनी मिशीवरून हात फिरवला. "जो मानूस देवाच्या भेवानंबी खोटं बोलला नाही, थो दोन पाखराईपायी टोपी कानावर घेऊन भर बाजारातून सोंग करत जाते. आमाले लाज वाटली, मास्तर. घुबड अजूनबी घरावर बसलं तं काळीज हालते. पन गोफनीले हात जात नाही. गुरुजी दिसतात."

मग मागून सखाराम शिंपी उठला. त्याच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती, दुकानातून उठून आला असावा. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मागच्या दिवाळीले गुरुजी म्हनले, सखाराम, घुबडाईचं बस्तान बसलं. आता सदरे पयल्या मापावर आन. मी आनले. घालून पाह्यले तं तरीबी सैल. मले वाटलं माहाच हात चुकला. आत घेतले. पुन्हा सैल. पुन्हा आत घेतले. तीस वर्साचा शिंपी मी, माप चुकते हे कोनाले सांगू? लाजेनं कोनाजवळ बोललो नाही." तो गळ्यातली मोजपट्टी बोटांना गुंडाळत राहिला. बाकी सगळं गावाला सांगणारा तो माणूस एवढंच तेवढं पोटात ठेवून बसला होता.

"अन् आमी हासत होतो," पुंजाजी म्हणाले. "गुरुजी रस्त्यानं गेले का आमी एकमेकाले कोपर मारत होतो. म्हनो, पाहा, सखारामनं अजून बोटभर सोडलं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणालो, मीही हसत होतो, सगळ्यांत जवळ बसून हसत होतो. आणि खाली बसलो.